बाटलीशिवायची साक्ष

बस डेपोत एकतीस वर्षं त्याने फक्त ब्रेक बसवले. खड्ड्यात उतरायचं, चाक सुटलं की ड्रम उतरवायचा, झिजलेले लायनर काढून नवे ठोकायचे, आणि मग गाडी बाहेर निघाली की स्वतः ड्रायव्हरच्या शेजारी उभं राहून फाटकापर्यंत जायचं. फाटकाशी गाडी थांबली की खाली उतरून तो ड्रमवर तळहात ठेवून बघायचा, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. जास्त तापला असेल तर गाडी परत खड्ड्यावर. कुणी घाई केली तर म्हणायचा, "चालवणारे पुष्कळ आहेत, थांबवणारा मी एकटा." डेपोत त्याला ब्रेकवाला म्हणत आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीतही तेच नाव चिकटलं. लहान मुलं ब्रेककाका म्हणत.

अंगाने बारीक, केस पाण्याने चापून बसवलेले, नखांच्या कडा कायमच्या काळ्या. कामावर त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. फोरमन तोंडावर बोलला तरी हा मान खाली घालून पाना पुसत राही. आवाज चढायचा तो घरी, दार लावल्यावर, आणि आवाजामागून हात.

त्याची बायको शिवणकाम करायची. आमच्या मंडळीत तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा होत नाही. माणसाने जाणतं व्हावं, स्वतःच्या तोंडाने मागावं, मग सभागृहाच्या पुढच्या चौथऱ्याच्या फळ्या काढून खालच्या हौदात त्याला पूर्ण बुडवून उठवतात. त्यासाठी लागणारे पांढरे पायघोळ झगे तीच शिवायची. पाण्यात झगा फुगून वर तरंगू नये, बायकांची फजिती होऊ नये, म्हणून ती खालच्या दुमडीत मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजनं घालून शिवे. तिला सगळे झगेवाली म्हणत. ती जन्मापासून आमच्यातली. हा लग्नानंतर बरीच वर्षं दाराबाहेर सिगारेट ओढत उभा राहायचा आणि प्रार्थना संपली की तिला सायकलवर मागे बसवून घरी न्यायचा.

त्यांना एकच मुलगी. पाचवीत ती माझ्या वर्गात होती. गणितात हुशार, आणि हातातलं उदाहरण पुरं झाल्याशिवाय जागची हलायची नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी म्हणायची, "थांबा बाई, एवढं होऊ दे." एका गुरुवारी ती डाव्या मनगटाला प्लास्टर घालून आली. मी विचारलं, ती म्हणाली, जिन्यावरून पडले. मी हजेरीपटाच्या शेऱ्यात तसंच लिहिलं. त्यांचं घर तळमजल्यावर होतं, हे मला ठाऊक होतं. घरात एकही पायरी नव्हती. तरी मी लिहिलं.

खरं काय झालं ते दोन वर्षांनी कळलं, आणि तेही त्याच्याच तोंडून.

त्या दोन वर्षांत तो दारातून आत येऊन शेवटच्या बाकावर बसायला लागला होता. का, ते कुणी विचारलं नाही. मंडळी चालवणारे आमचे तेव्हाचे पाळक म्हातारे होते, ऐकायला कमी यायचं, त्यामुळे लोक त्यांना फार सांगत नसत. हा सांगायचा. दर शनिवारी त्यांच्याकडे जाऊन बसायचा. मग एका थंडीत त्याने बाप्तिस्मा मागितला.

आमच्याकडे पाण्यात उतरण्याआधी साक्ष द्यावी लागते. आपण आधी कोण होतो, आता काय झालं, हे सगळ्यांसमोर सांगायचं. बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे माणसाचा दुसरा वाढदिवस, आणि दरवर्षी त्या तारखेच्या जवळच्या रविवारी पुन्हा उभं राहून तीच साक्ष द्यायची. नव्याने जन्म झाला म्हणजे काय झालं हे माणूस विसरू नये, म्हणून कुणीतरी फार पूर्वी घालून दिलेली ही रीत.

बायकोने शिवलेला झगा घालून तो हौदाच्या पायरीवर उभा राहिला. म्हणाला, "मी माझ्या मुलीचा हात मोडला. मी संध्याकाळी चहा पीत होतो. तिला म्हटलं, ऊठ, माझ्या चपला आतमध्ये ठेव. ती गणित करत होती. म्हणाली, थांबा बाबा. मी परत सांगितलं. ती परत म्हणाली, थांबा. मी चहा संपवला. कप बशीत ठेवला. मग उठून तिचा हात धरला आणि पिळला. आवाज येईपर्यंत पिळला. मी रागाने वेडा झालो नव्हतो. मला सगळं कळत होतं."

मग तो रडला, आणि ते रडणं कानाला गोड नव्हतं. नाकातोंडातून पाणी, तोंड वेडंवाकडं. म्हाताऱ्या पाळकांना अर्धंच ऐकू आलं असेल, पण त्यांनी त्याला पाण्यात घेतलं आणि वर काढल्यावर तसंच ओलंचिंब मिठीत धरून ठेवलं.

बाकी कुणी जागचं हललं नाही. एरवी नव्या माणसाभोवती गर्दी होते, हात मिळवतात, गळ्यात पडतात. त्या दिवशी आयांनी आपापली मुलं जवळ ओढली. एक जण घड्याळ बघून निघाला. मी गीतांची पुस्तकं गोळा करत बसले, जी गोळा करायचं काम माझं नव्हतं.

घरी जाताना ती तिघं माझ्या पुढे चालत होती. ओला झगा पिळायचा राहिला होता. रस्त्याच्या कडेला थांबून बापाने एक टोक धरलं आणि लेकीने दुसरं. दोघांनी मिळून तो पिळला. तेरा वर्षांची होती ती. दोन वर्षं बापाच्या हाताला लागेल इतक्या अंतरावर ती कधी चालली नव्हती. पिळून झाल्यावर तिने त्याचं एक बोट धरलं, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत सोडलं नाही.

हे मी पाहिलेलं आहे. पुढचं सांगताना ते विसरून चालणार नाही.

त्याच वर्षी म्हातारे पाळक वारले. पुढच्या वर्षी ब्रेकवाल्याने साक्ष दिली, तीच, पण थोडक्यात. लोक खोकले. नंतरच्या चहाला तो टेबलाशी उभा राहिला तर त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस मावेल इतकी जागा मोकळी होती. त्याने कप घेतला, आणि कुठे उभं राहावं हे न कळून खिडकीशी गेला.

तिसऱ्या वर्षी त्याच्या रविवारच्या महिनाभर आधी एका सुताराचा बाप्तिस्मा झाला. सुतार रंगात येऊन बोलणारा. दारूपायी हत्यारं विकली, बायकोला मारलं, गटारात पडलो, आणि आता बघा. सगळं सभागृह रडलं. सुताराच्या गळ्यात पडायला रांग लागली. ब्रेकवाला त्या रांगेत उभा होता आणि रांग बघत होता.

महिन्याने त्याच्या साक्षीत बाटली आली.

"त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा माझ्या पोटात अर्धी बाटली होती," असं त्याने सुरू केलं, आणि आमच्यातून एक उसासा निघाला. सुटकेचा उसासा होता तो. हां, असं आहे होय. चपला, गणित, मनगट, सगळं तेच, फक्त चहाच्या जागी बाटली. संपल्यावर लोक उठले. अकरा जणांनी त्याला मिठी मारली. मी चौथी होते.

लेक उठून बाहेर गेली. पंधरा वर्षांची. नळाखाली कितीतरी वेळ हात धरून उभी होती, पाणी चालू करून. मी जवळ गेले तर म्हणाली, "बाई, बाबा पीत नाहीत. कधीच प्यायले नाहीत." मी म्हटलं, मला माहीत आहे. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि नळ बंद केला. त्यानंतर शाळेच्या शेवटच्या दिवसापर्यंत ती माझ्याशी अदबीने वागली. अदबीनेच.

पुढे बाटली वाढत गेली. कुठल्या दुकानातून आणायचा, कशी वर्तमानपत्रात गुंडाळायचा, पाण्याच्या टाकीमागे कशी लपवायचा. सांगायची हातोटीही आली. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा हे त्याला बरोबर समजायला लागलं. "तो माणूस मेला," असं म्हणून तो हौदाच्या फळ्यांवर टाच आपटायचा. "इथे, ह्या पाण्यात बुडून मेला. तुमच्यासमोर उभा आहे तो नवा जन्मलेला." दुसऱ्या गावच्या मंडळ्या त्याला बोलावू लागल्या.

बायकोने सुरुवातीला विचारलं होतं, अहो, कधी प्यायलात तुम्ही? तो म्हणाला, लोकांना कळायला सोपं जातं. काही वर्षांनी तिने पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, तुला काय माहीत, मी बाहेर पीत होतो. तेव्हापासून तिने विचारणं सोडलं. साक्षीच्या रविवारी ती झग्याची दुमड मांडीवर घेऊन शिवत बसायची. प्रार्थनेत सुईदोरा कशाला, म्हणून कुणीतरी टोकलं तर म्हणाली, "हातांना काहीतरी लागतं हो. नाहीतर कानांवर जायचे."

त्याच्या बाजूनेही सांगायला हवं. बाप्तिस्म्यानंतर त्याचा हात पुन्हा कधी उठला नाही, हे मी बायकोच्याच तोंडून ऐकलेलं आहे. कामावरून आला की भांडी घासायचा, तिच्या मशीनला तेल घालायचा. आणि त्याची साक्ष ऐकून लोकांनी दारू सोडली, हे खरंच आहे. मंगळवारी संध्याकाळी सभागृहाच्या मागच्या खोलीत तो अशा माणसांना घेऊन बसे. एक हमाल, एक शाळेचा शिपाई, दोघे त्याच्याच डेपोतले ड्रायव्हर, अशी करता करता बारा माणसं झाली. कुणी घसरला तर हा पहाटे त्याच्या दारात. बारा घरांतल्या बायका त्याला दुवा देत होत्या. त्याच्या घरातली लेक मात्र विसाव्या वर्षी लांबच्या शहरात नोकरी शोधून निघून गेली. बापाशी भांडली नाही. गाडी आठ तासांची होती, आणि ती परत आली नाही.

आईला तिची पत्रं यायची, पुढे फोन. तिने लग्न केलं, तिला मुलगी झाली. आई दोनदा जाऊन आली, बाळंतपणाला आणि एकदा आजारपणाला. नातीला आजीचं वेड. आजोबा फोटोत.

चौदा वर्षं अशी गेली. मग त्याच्या बाप्तिस्म्याला एकवीस वर्षं होणार म्हणून नव्या, तरुण पाळकांनी तो रविवार मोठा करायचं ठरवलं. बाहेरच्या मंडळ्यांना बोलावणं, केक, वर एकवीसचा आकडा. आणि त्याच सुमाराला लेकीचं पत्र आलं. आईने ते मला वाचायला दिलं.

पत्रात लिहिलं होतं की ती मुलीला घेऊन येते आहे. शेवटच्या बाकावर बसेल. "बाबांनी हात मोडला म्हणून मी गेले नाही, आई. ते त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि त्या दिवशी माझा राग गेला होता. मग त्यांनी ते बाटलीला देऊन टाकलं. माझा हात बाटलीने मोडलेला नाही. एकदा, फक्त एकदा, बाटलीशिवाय सांगू दे. मी तिथून घरी येईन, आठ दिवस राहीन, आणि पुढे येत-जात राहीन. बाटली आली तर मी उठून स्टेशनवर जाईन, आणि पुन्हा हा विषय काढणार नाही."

आईने त्याला पत्र दाखवलं. त्याने ते वाचून घडी घालून परत दिलं. तिसऱ्या दिवशी तिने मला बोलावून घेतलं. म्हणाली, माझं ऐकून ऐकून त्यांचे कान किटलेत, तुम्ही बोला.

स्वयंपाकघरात तो कपबशा पुसत होता. तेच टेबल, ज्यावर गणित चाललं होतं. मी फार काही बोलले नाही. एवढंच म्हटलं की नात सहा वर्षांची झाली आहे.

तो म्हणाला, "मला का नको आहे, बाई? पण त्या बारांचं काय? मी पीत होतो आणि सुटलो, हे धरून ते उभे आहेत. उद्या मी म्हटलं, मी पीतच नव्हतो, तर शिपाई कशाला धरेल? माझ्या एका बाटलीवर बारा बाटल्या फुटल्या आहेत."

बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती. तशीच म्हणाली, "आणि बाटली नव्हती तेव्हा एक पोरगी तुमचं बोट धरून चालली होती."

त्याने फडकं पिळून दोरीवर टाकलं. मग हळू आवाजात, मला एकटीला सांगावं तसं म्हणाला, "खरं सांगू का? मला आता त्याची चव आठवते. घसा जळलेला आठवतो. मी खोटं बोलतो असं मला वाटतच नाही."

मी म्हटलं, चहाची चव आठवते का?

त्याने पुसलेला कप पुन्हा पुसायला घेतला. पण मी निघताना फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "सांगतो. तिला सांगा, सांगतो."

तो रविवार उजाडला. दोघा नव्या माणसांचा बाप्तिस्मा होता, म्हणून फळ्या काढलेल्या, हौद भरलेला. सभागृह गच्च. सुतार सगळ्यांना हसवत होता, "काका आज एकवीस वर्षांचे झाले, आता त्यांच्या लग्नाचं बघायला हरकत नाही." बारा माणसं दुसऱ्या बाकावर ओळीने, इस्त्रीच्या कपड्यांत. झगेवाली कडेला, मांडीवर काही नाही, हात रिकामे. गीत चालू असताना मागचं दार उघडलं आणि लेक आत आली. मी तिला चालीवरून ओळखलं. नातीने पिवळा स्वेटर घातला होता. दोघी शेवटच्या बाकावर बसल्या.

ब्रेकवाला उभा राहिला. नेहमी तो चौथऱ्याच्या मधोमध जायचा, त्या दिवशी मध्ये हौद उघडा होता म्हणून काठाला उभा. त्याने मागे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की लोक माना वळवून बघायला लागले.

"मी माझ्या मुलीचा हात मोडला," तो म्हणाला. आवाज बारीक, जुना. "मी संध्याकाळी चहा पीत होतो."

झगेवालीने डोळे मिटले. सभागृहात चुळबूळ झाली. ज्यांनी त्याला वीसेक वर्षं ऐकलं होतं ते एकमेकांकडे बघू लागले. काका चुकले की काय. तरुण पाळकांनी भुवया उंचावल्या. दुसऱ्या बाकावरचा शिपाई, सहा महिन्यांपूर्वीच दारूतून सुटलेला, पुढे झुकून त्याच्या तोंडाकडे बघत होता.

ब्रेकवाल्याची नजर शेवटच्या बाकावरून शिपायावर आली. परत मागे गेली. परत शिपायावर आली. तो थांबला. 

मग म्हणाला, "त्या चहात मी दारू ओतली होती."

आमच्यातून तोच उसासा निघाला. शिपाई मागे टेकला. आणि ब्रेकवाल्याचा आवाज मोकळा झाला, ओळखीच्या रस्त्याला लागला. बाटली, वर्तमानपत्र, टाकी.

लेकीने मुलीच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं, तिचा हात धरला आणि ती उठली. दार आवाज न करता ओढून घेतलं.

तेव्हा झगेवाली उभी राहिली. बोलायला उठलेली नव्हती, निघाली होती. पण निघता निघता ती हौदाच्या अलीकडे थांबली. "हे पीत नव्हते," ती म्हणाली. "चहाच होता. नुसता चहा. मीच केला होता." पर्स काखेत घेतली आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेली.

तरुण पाळकांनी गीत सुरू केलं. आम्ही गायलो. दोघांचा बाप्तिस्मा झाला, केक कापला. मी मधूनच बाहेर आले तेव्हा तिघी बसथांब्यावर उभ्या होत्या. नात विचारत होती, आजोबा येणार नाहीत का, आणि तिची आजी तिला सांगत होती की आजोबांना काम आहे. लेकीने मला पाहून मान लववली. बस आली. झगेवाली जशी होती तशी, घरी न जाता, कपडा न घेता चढली. मला वाटलं स्टेशनपर्यंत सोडायला जाते आहे.

ती परत आली नाही.

त्या दुपारी अंगणात शिपायाने त्याला विचारलं होतं, "काका, खरं काय?" तो म्हणाला, "मला आठवत नाही." शिपाई पुढच्या मंगळवारी आला नाही. महिनाभरात बारांचे पाच झाले. ते गेले ते बाटली खोटी होती म्हणून, की त्याने आठवत नाही म्हटलं म्हणून, हे मला माहीत नाही. पाच राहिले त्यांतला हमाल म्हणाला की दारू माझी खरी होती, सुटली ती पण खरी, मला काकांच्या बाटलीशी काय करायचंय. हे त्याला आधी कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मंडळीत दोष दिला गेला तो झगेवालीला. घरातलं घरात ठेवायचं, चारचौघांत नवऱ्याची शोभा केली, असं बायकाच म्हणाल्या. तरुण पाळकांनी त्याला सांगितलं की साक्ष देवाच्या कामाची असते, बारीकसारीक तपशिलांची नव्हे, तरी काही वर्षं विश्रांती घ्या. बाटली आली कशी, हे कुणी बोललं नाही. आम्ही बोलणार तरी काय? पहिल्या वर्षी तो माणूस जन्माला येत होता. अर्धा बाहेर आला होता. आम्हाला ते रूप बघवलं नाही, म्हणून आम्ही त्याच्यासाठी दुसरं बाळ पसंत केलं, न्हाऊन पावडर लावलेलं, आणि तो बिचारा आम्हाला आवडेल ते देत राहिला. नव्याने जन्मणं म्हणजे जुना माणूस मेला असं म्हणून त्याच्या गुन्ह्यांतून हात धुणं नव्हे, हे मी शाळेत मुलांना किती सोपं करून सांगितलं असतं. बाकावर बसून मात्र मला ते कळलं नाही, किंवा कळत होतं आणि मिठी मारायची रांग मोठी होती.

त्या रविवाराला तीन वर्षं झाली. डेपोतून तो निवृत्त झाला आहे. घरी एकटाच. झगे आता बाजारातून विकत येतात.

मागच्या थंडीत एक दिवस तो माझ्याकडे आला. चहा दिला, तो प्यायला नाही, तसाच समोर ठेवून बसला. मग त्याने सगळं सांगितलं. कुठलं उदाहरण ती करत होती ते, वेळ-अंतराचं. पेन्सिल हिरवी होती. हात पिळताना ती ओरडली नाही, "थांबा बाबा" एवढंच म्हणाली, तिसऱ्यांदा, आणि ते त्याने आजवर कुठल्याच साक्षीत सांगितलं नव्हतं, पहिल्यातसुद्धा. चहा चांगला झाला होता, म्हणाला. साखर बरोबर होती. मला चव आठवली, बाई.

रडला. तसंच, वेडंवाकडं.

मग तोंड पुसून म्हणाला, "तुम्ही हे तिला कळवाल का? तुमचं लिहिणं चांगलं आहे."

मी नाही म्हटलं. ते माझं सांगणं नव्हे. गाडी रोज सकाळी सुटते, आठ तासांची आहे, तिचा पत्ता तुमच्याकडे आहे. जाऊन तिच्या दारात उभे राहा आणि आता जे बोललात ते बोला. तिथे ऐकायला मंडळी नसेल, मिठी मारायलाही कुणी नसेल. कदाचित दार उघडणार नाही. तो मान हलवत राहिला. हो हो, म्हणाला, बरोबर आहे तुमचं.

त्यानंतर दोनदा तो तिकीट काढून स्टेशनवर गेला. एकदा डब्यात जागासुद्धा मिळाली होती, खिडकीची. गाडी सुटायच्या आधी उतरला. हे त्यानेच मला सांगितलं, काही न लपवता, आणि न वाढवता.

परवा भाजीच्या दुकानात भेटला. मी मेथीच्या जुड्या बघत होते. तोच म्हणाला, "थंडी सरू दे जरा. पुढच्या महिन्यात बघतो."